मंडईच्या दिवशी आंतरराष्ट्रीय कायदा

“खुर्च्या भरल्या तं विषय राहील. नाई भरल्या तं बंद,” असा निकाल देऊन संस्थेचे अध्यक्ष केशोराव मुंगुलमारे यांनी घरच्या ओसरीवर बशीतला चहा ओढला.

समोर उभे होते प्रा. लीलाधर कापगते. सडक अर्जुनीच्या बाहेर, रायपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या कै. झिंगरूजी मुंगुलमारे विधी महाविद्यालयात ते आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. विषय ऐच्छिक होता आणि विद्यार्थी ती इच्छा फारशी करत नसत. जमीन महसूल शिकला की तहसीलसमोर टेबल टाकता येतं. आंतरराष्ट्रीय कायदा शिकून कोणासमोर टेबल टाकायचं, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. यंदा वर्गात दोघंच उरले होते, खुशी आणि हिमांशू. त्यातही हिमांशू हा खुशी होती म्हणून होता.

“साहेब, परिषद होऊन जाऊ द्या,” लीलाधर म्हणाले. “हॉलंडच्या मॅडम ऑनलाइन बोलणार आहेत. नवीन संशोधन आहे त्यांचं.”

“मॅडम हॉलंडच्या राहो का गोरेगावच्या. मले खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. फोटो काढा लागते, वरती पाठवा लागते. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो कायले पाठवू?” मग आतल्या दिशेनं मान वळवून त्यांनी हाक दिली, “शामकला! सरायले चहा आण!”

शामकला चहा घेऊन आली. ती महाविद्यालयाच्या वाचनालयाची शिपाई होती आणि वाचनालय सोडून सगळीकडे दिसायची. केशोरावांच्या घरी तर ती इतकी वर्षं दिसत होती, की ती तिथली नाही हे केशोरावसुद्धा विसरले होते.

लीलाधरांनी चहा घेतला, पण तो त्यांना गोड लागला नाही. या विषयावर त्यांचा जीव होता. राजदूताला दुसऱ्या देशात अटक करता येत नाही, त्याच्यावर खटला चालत नाही, हा जुना नियम. पण राजदूतानं घरच्या मोलकरणीला कोंडून राबवलं तर? तेव्हाही तो सुटावा का? यावर अलीकडे जगभर बरंच लिहिलं जात होतं आणि लीलाधर ते सगळं रात्रंदिवस मोबाइलवर वाचत असत. हॉलंडच्या डॉ. मारीके यांनी याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं होतं. लीलाधरांनी त्यांना भीतभीत एक शंका विचारली आणि त्यांचं चक्क सविस्तर उत्तर आलं. त्या दिवशी लीलाधर घरी पेढे घेऊन गेले होते. विषय बंद झाला, तर ज्या एका व्यक्तीशी त्यांना बोलायला आवडायचं, त्या डॉ. मारीके यांच्याशी बोलायचं कारणच उरणार नव्हतं. शिवाय गळ्यात जमीन महसूल आणि परीक्षा विभाग पडणार होता तो वेगळाच.

डॉ. मारीके यांनी परिषदेसाठी एकच दिवस दिला आणि लीलाधरांनी तो आनंदानं घेतला. दिनदर्शिका त्यांनी नंतर पाहिली. तो सडक अर्जुनीच्या मंडईचा दिवस होता.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, जावई सासुरवाडीला येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात आणि रात्री नाटक असतं. त्या दिवशी लग्न ठरवायला गेलं तरी मुलाकडचे लोक मंडईतच सापडतात. परिषदेला कोण येणार? यंदाची मंडई तर महाविद्यालयाच्या समोरच्याच मैदानात होती. नाटकाचा मंडप उभा राहिलेला लीलाधरांना वर्गाच्या खिडकीतून दिसत होता.

“सर, आपन तिघं आणि हॉलंडच्या मॅडम,” खुशीनं हिशेब सांगितला. “तेबी हिमांशू मंडईत नाई गेला तं.”

“मी कायले जाऊ?” हिमांशू म्हणाला आणि खिडकीबाहेरच्या आकाशपाळण्याकडे बघत राहिला.

अशा वेळी माणसाला जे सुचतं तेच लीलाधरांना सुचलं. त्यांनी छोटेलालला गाठलं.

छोटेलाल म्हणजे ऑटो आणि ऑटोवर भोंगा. पंचक्रोशीतल्या सगळ्या नाटकांची पुकार तोच करायचा. त्याच्या आवाजानं लांबच्या केशोरी गावापासूनचे लोक नाटकाला आले आहेत, असं तो स्वतः सांगत असे. लीलाधरांनी त्याला मजकूर वाचून दाखवला: ‘राजनैतिक संरक्षणाच्या मर्यादा: अलीकडील संशोधनाचा आढावा. बीजभाषण, अभिरूप न्यायालय व चर्चा. इच्छुकांनी उपस्थित राहावे.’

छोटेलालनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मास्तरजी, वाईट नका वाटून घेऊ. पन हे असं पुकारलं तं कुत्रं बी येनार नाई.”

“मग?”

“यात हाय काय, ते मले समजावून सांगा. बाकी मी पाहतो.”

लीलाधरांनी शिक्षकाच्या उत्साहानं समजावून सांगितलं. राजदूत म्हणजे काय, त्याला हात का लावता येत नाही, कोंडलेली मोलकरीण, तिच्या बाजूनं लढणारी वकील. त्यांच्या वर्गात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. छोटेलालनं दोनदा डोळे पुसले.

“पोरीचं काय होते शेवटी?” त्यानं विचारलं.

“ते निकालावर आहे.”

“वा! शेवट सांगायचा नाई! समजलो,” म्हणून छोटेलालनं ऑटो चालू केला.

परिषदेच्या सकाळी लीलाधर सभागृहात फलक लावत असताना हमरस्त्यावरून भोंगा ऐकू आला.

“आइए, आइए, मायबाप रसिकहो! आज दुपारी! फक्त आणि फक्त एकच प्रयोग! परदेशी राजदूताच्या बंगल्यात कोंडलेल्या अबलेची हृदय हेलावणारी कहाणी! कायदा जिंकेल की राजदूत? हॉलंडच्या सुप्रसिद्ध कलावंत मारीकेबाई खास आपल्या भेटीला! निर्माता-दिग्दर्शक, लीलाधर कापगते! सहकुटुंब या! रुमाल सोबत आणा!”

लीलाधर शिडीवरून उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. छोटेलालला फोन लावला, पण भोंग्याच्या आवाजात त्याला फोन ऐकू जाणं शक्य नव्हतं.

दुपारपर्यंत सभागृह भरलं, व्हरांडा भरला, आणि लोक खिडक्यांच्या गजांना लोंबकळू लागले. चटया घेऊन आलेल्या बायका विचारत होत्या, “पडदा कुठं आहे?” मंडईला आलेले जावई पहिल्या रांगेत बसवले गेले, कारण जावयांना मागे बसवायची आमच्याकडे पद्धत नाही.

तेवढ्यात केशोराव आले. मुलीच्या लग्नात शिवलेला सूट त्यांनी घातला होता. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा होता. गर्दी पाहून त्यांची छाती एकदम फुगली. जिल्हा परिषदेची निवडणूक त्यांच्या मनात केव्हापासूनच घोळत होती.

“कापगते सर! इतके लोक आंतरराष्ट्रीय कायद्यासाठी?”

“तसंच म्हणायचं,” लीलाधर म्हणाले.

“मग इथं काऊन कोंबून राहिले? चाला मंडपात! स्टेज तयार आहे, माइक आहे!”

“साहेब, ते नाटकाचं स्टेज...”

“नाटक रात्री आहे. मैदान माझं आहे. मी सांगतो ना!”

अशा रीतीनं परिषद मंडपात गेली. स्टेजवर रात्रीच्या नाटकाचा पडदा आधीच लागला होता. त्यावर खांब, झुंबर आणि जिना असलेला श्रीमंत बंगला रंगवलेला होता. अध्यक्षांना शोभेलशी खुर्ची हवी म्हणून केशोरावांनी नाटक कंपनीच्या सामानातलं लाल मखमलीचं सिंहासन मागवून घेतलं आणि स्टेजच्या मधोमध बसले. सूट, काळा चष्मा, पाठीमागे बंगला. लोकांनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं आणि आपापसात माना हलवल्या.

डॉ. मारीके दिसाव्यात म्हणून प्रोजेक्टर त्याच पडद्याकडे रोखला होता, पण इंटरनेट बंद पडलं होतं. मंडईत आलेला प्रत्येकजण कोणाला ना कोणाला व्हिडिओ कॉलवर आकाशपाळणा दाखवत असल्यामुळे डॉ. मारीके काही पडद्यावर येईनात. लोक चुळबुळ करायला लागले. तेव्हा लीलाधरांनी अभिरूप न्यायालय, म्हणजे विद्यार्थ्यांचा सरावाचा खोटा खटला, आधी घ्यायचं ठरवलं. न्यायाधीशाच्या खुर्चीवर गोंदियाहून आलेले निवृत्त न्यायाधीश बकारामजी बसले. निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर पहिल्यांदाच एवढं भरलेलं न्यायालय आलं होतं आणि ते खुशीत होते.

खुशी मोलकरणीची वकील होती. तिनं सुरुवात केली. तिच्या अशिलाला पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवलं जातं, बाहेर जाऊ दिलं जात नाही, ती मुळात या कामासाठी आलीच नव्हती. एवढं होईपर्यंत मागच्या रांगेत हुंदके ऐकू यायला लागले.

मग हिमांशू उठला. “न्यायालयाच्या निदर्शनास आणू इच्छितो की, माननीय राजदूत महोदयांना अटक करता येत नाही. त्यांच्यावर खटला चालवता येत नाही. त्यांच्या अंगाला कोणी हात लावू शकत नाही!”

‘माननीय महोदय’ एवढं कानावर पडताच केशोरावांनी सवयीनं हात जोडले आणि चौफेर हसून पाहिलं.

मंडपात एकच हुल्लड झाली. “हासून राहिला पाह्य! काही लाज?” पहिल्या रांगेतून एक शिंगाडा सिंहासनाच्या दिशेनं आला. केशोरावांना वाटलं, पोरं खेळतात.

“पन पोरगी कुठं आहे?” एक म्हातारी उभी राहिली. त्या वच्छलाबाई होत्या, प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत असणाऱ्या. “निस्ते वकीलच बोलून राहिले. पोरगीले आना ना बाहीर!”

“आना! पोरगीले आना!” मंडप ओरडला.

“माताजी,” लीलाधर पुढे आले, “या प्रकारात अशील उपस्थित नसते. कायद्याचे मुद्दे...”

“तुमी डायरेक्टर आहा ना? मंग मागं जा!”

ऊन वाढलं होतं. केशोरावांच्या घशाला कोरड पडली. समोर माइक आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही आणि घरी मारतात तशी त्यांनी हाक मारली, “शामकला! पाणी आण!”

विंगेतून शामकला ट्रे घेऊन आली. तिनं पहिला ग्लास केशोरावांना दिला आणि पदरानं घाम पुसला.

मंडपातल्या माना एकदम उंचावल्या. मग टाळ्या अशा कडाडल्या, की शामकलेच्या हातातला ट्रे कलला.

“हेच ते!” वच्छलाबाई स्टेजजवळ आल्या. “माय वो, किती दिवसापासून आहेस याच्या घरी?”

शामकलेला कोणी कधी काही विचारत नसे. तिनं खरं ते सांगितलं. “लय वर्षं झाली, बाई.”

“सुट्टी देते का?”

“सुट्टीच्या दिवशी पाहुणे येतेत ना. मंग मीच लागतो.”

“आन तू आली कोन्या कामाले होती?”

“वाचनालयात शिपाई म्हनून. आतून कसं आहे, अजून पाह्यलं नाई.”

मंडप हळहळला. लीलाधरांनी डोळे मिटले. पण खुशी हाडाची वकील निघाली. ती ताडकन उठली. “न्यायमूर्ती महोदय, ही माझी साक्षीदार! साक्ष नोंदवून घ्यावी!”

“अभिरूप न्यायालयात साक्षीदार नसतात,” लीलाधर कळवळून म्हणाले.

“परवानगी आहे,” बकारामजी म्हणाले. त्यांना कितीतरी दिवसांनी परवानगी द्यायला मिळाली होती.

आता काय चाललंय ते केशोरावांच्या ध्यानात आलं. ते सिंहासनावरून उठले, लाल झाले, आणि माइकमध्ये गरजले, “बंद करा हे! मी कोन आहे, माहीत आहे का? ही संस्था माझ्या बापाची आहे! मले कोनी हात लावू शकत नाई!”

इतका दमदार खलनायक मंडईत बऱ्याच वर्षांत आला नव्हता. शिट्ट्या वाजल्या, टोप्या उडाल्या. “वन्स मोर!” असा पुकारा झाला. कुणीतरी स्टेजवर नारळ आणून ठेवला. छोटेलालनं भोंग्यावरून जाहीर केलं, “राजदूताच्या भूमिकेवर खुश होऊन पाटलांच्या जावयाकडून नारळ! शामकलाबाईच्या भूमिकेवर खुश होऊन समस्त महिला मंडळाकडून लुगडं!”

“मी अध्यक्ष आहे गा! अध्यक्ष!” केशोराव ओरडत राहिले, आणि ते जितकं ओरडत तितक्या टाळ्या वाढत गेल्या.

नेमक्या याच वेळी इंटरनेट आलं. रंगवलेल्या बंगल्याच्या जिन्यावर डॉ. मारीके यांचा भलामोठा चेहरा उमटला. मंडपातले लोक उठून उभे राहिले, कारण हॉलंडच्या कलावंताला मान द्यायला हवा. मारीकेबाई हजारभर माणसांकडे पाहतच राहिल्या. काय चाललं आहे, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. खुशीनं त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं, शामकलेसह.

मारीकेबाईंचे डोळे मोठे झाले. आपल्या विषयाच्या परिषदेला पंधरा माणसं आली तरी आपण आनंदी असतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि खुशीनं तो मराठीत सांगितला: “निकाल लागला, पण तो अमलात येणार का?”

“लागला नाही अजून,” बकारामजी म्हणाले आणि टेबलावर हातोडा म्हणून नारळ आपटला. “घरी चहापाणी करवून घेणं हे राजदूताचं अधिकृत काम नव्हे. सबब त्याला संरक्षण नाही. शामकलाबाईंना ज्या कामासाठी नेमलं, तिथंच उद्यापासून पाठवावं.” मग थांबून ते हळूच म्हणाले, “अंमलबजावणीचं मात्र आंतरराष्ट्रीय कायद्यात अवघडच असतं.”

“आमी पाहतो ना!” वच्छलाबाई म्हणाल्या आणि बायकांनी चटया गुंडाळल्या. लोक समाधानानं जिलेबीच्या दुकानांकडे वळले. बीजभाषण राहूनच गेलं.

लीलाधरांना त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच केशोरावांचा निरोप आला, ‘घरी या.’ विषय तर गेलाच, नोकरीही गेली असं धरून ते निघाले. वाटेत त्यांनी मनातल्या मनात जमीन महसूल अधिनियमाची पहिली कलमं आठवून पाहिली. ती आठवेनात.

केशोराव ओसरीवर एकटेच बसले होते. काळा चष्मा त्यांनी काढून ठेवला होता. फाटकाबाहेरून दोन पोरं “ओ राजदूत!” असं ओरडून पळाली.

“बसा,” केशोराव म्हणाले आणि स्वतः आत गेले. बराच वेळ भांडी पडल्याचे आवाज आले. मग ते दोन कप घेऊन बाहेर आले. चहात साय तरंगत होती आणि साखर नव्हती.

“शामकला?” लीलाधरांनी विचारलं.

“नाई आली. सकाळीच त्या म्हाताऱ्या तिले वाजतगाजत कॉलेजात सोडून आल्या. बँड मंडईचाच होता.” त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “सर, मी म्हणलो होतो, खुर्च्या भरल्या पाहिजेत.”

“हो.”

“सभागृहातल्या खुर्च्या तं शेवटी रिकाम्याच होत्या. लोक मंडपात होते.”

कायद्याच्या दृष्टीनं मुद्दा बरोबर होता. लीलाधरांनी मान खाली घातली.

केशोराव खुर्ची जवळ ओढून बसले. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “मले एक सांगा. ते संरक्षण... राजदूताले असते ते... संस्थेच्या अध्यक्षाले बी लागू होते का?”

लीलाधरांनी वर पाहिलं. केशोराव गंभीर होते. काल संध्याकाळी त्यांना तीन सरकारी कार्यालयांतून फोन आले होते, शिपायाच्या नेमणुकीचे कागद कुठे आहेत, असं विचारणारे.

“साहेब,” लीलाधर सावकाश म्हणाले, “या मुद्द्यावर जगात अजून कोणी संशोधन केलेलं नाही.”

“मंग करा ना तुमी!”

“करतो. पण फार अभ्यास लागेल. डॉ. मारीके यांच्याशी पत्रव्यवहार करावा लागेल. वर्षं जातील. आणि विषयच बंद झाला तर...”

केशोरावांनी कपातली साय बोटानं बाजूला केली.

“कोन म्हणलं बंद? चालू ठेवा,” ते शेवटी म्हणाले. “पन लवकर करा.”

लीलाधरांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. आयुष्यात इतका वाईट आणि इतका गोड चहा त्यांनी कधी घेतला नव्हता.

तिथून ते थेट वाचनालयात गेले. पुस्तकांवरची धूळ झटकलेली होती. शामकला पंख्याखाली खुर्चीवर बसली होती आणि अंगावर महिला मंडळाचं नवं लुगडं होतं. लीलाधरांना पाहून ती उठायला लागली, मग काहीतरी आठवून पुन्हा बसली.

“मास्तरजी, पुढल्या साली बी नाटक करून राहिले ना?”

“परिषद,” लीलाधर म्हणाले. “हो, करतोय.”

“मंग मले आता राजदूताचं काम द्या जी. त्यात निस्तं बसूनच राहायचं असते.”